काम करून आलेला कुत्रा जेवत नाही, ओकतो, दुसऱ्या दिवशी पातळ शी करतो: कारण कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. कुत्रा कामाचा आहे. कुणाचा पहाऱ्यावरचा जर्मन शेफर्ड, कुणाचा सासवडकडच्या शेतावरचा कारवान, कुणाचा मैदानावर पकडीचा सराव करणारा मॅलिनॉय. आठवडाभर ठीक असतो. जोरात काम झालं की ताटलीकडे बघत नाही, नाहीतर अधाशासारखा खातो आणि अर्ध्या तासात सगळं बाहेर काढतो. दुसऱ्या दिवशी शी पातळ, कधी शेंबडासारखी. डॉक्टरांकडे इंजेक्शन होतं, दोन दिवस बरं वाटतं आणि पुढच्या रविवारी परत तेच.

यात औषध कमी पडतंय असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा काम संपल्यानंतरच्या दोन तासांतला क्रम चुकलेला असतो. आधी अंग थंड, मग पाणी, गरज असेल तर थोडं पिष्टमय, मग थांबणं आणि शेवटी जेवण, असा तो क्रम आहे. म्हणून लगेच अन्न बदलू नका. काम किती वाजता संपलं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, एवढं मोबाईलमध्ये लिहून ठेवा. तीन-चार नोंदी झाल्या की कारण बऱ्यापैकी उघडं पडतं. काम संपल्यावर दहाव्या मिनिटाला झालेली उलटी, रात्री अकराची उलटी आणि पहाटे पाचची पिवळी उलटी यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

पहिल्या अर्ध्या तासात त्रास होत असेल तर

इथे आधी उष्णता बघा, पोट नंतर. पळताना रक्त स्नायूंकडे आणि अंग थंड करायला जिभेकडे वळतं, आतड्याचं रक्त कमी होतं आणि जठर जवळजवळ थांबतं. अशा पोटात काहीही गेलं तरी ते परत येणार. अंग तापलेलं असताना कुत्र्याने जेवण नाकारणं हे शहाणपणाचं आहे. त्याला हाताने भरवायला जाऊ नका.

डिजिटल थर्मामीटर किटमध्ये हवाच. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन-अडीच सेंटीमीटर घालायचा. कुत्र्याचं विश्रांतीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. जोरदार कामानंतर ते ४० ते ४१ पर्यंत जातं, आणि तयारीच्या कुत्र्यात तेवढ्यावरून घाबरण्यासारखं काही नसतं. एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते: थांबल्यावरही काही मिनिटं तापमान चढतच राहतं. म्हणून एकच आकडा घेऊन निश्चिंत होऊ नका. थांबल्याबरोबर एकदा, पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी परत बघा. दहाव्या मिनिटाला उतरती सुरुवात झालेली दिसली पाहिजे आणि साधारण अर्ध्या तासात ३९.५ च्या आत आलं पाहिजे.

थर्मामीटर हाताशी नसेल तर जीभ बघा. तापलेल्या कुत्र्याची जीभ बाजूला लांब लोंबते, टोकाशी रुंद होऊन पळीसारखी वाकते आणि गडद लाल दिसते. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. त्याहून उशीर लागत असेल, हिरड्या विटेसारख्या लाल किंवा फिकट असतील, लाळ चिकट तारेसारखी लोंबत असेल, मागचे पाय लटपटत असतील, हाक मारल्यावर लक्ष देत नसेल, तर हा उष्माघात आहे आणि पुढचं सगळं बाजूला ठेवायचं.

तेव्हा जागेवरच थंड करायला लागा, गाडी नंतर. नळाचं, बाटलीचं, टाकीचं जे पाणी मिळेल ते पोटावर, काखेत, जांघेत, नंतर सगळ्या अंगावर ओतत राहा आणि वारा घाला. फार थंड पाणी लावलं तर उष्णता आत कोंडते, ही जुनी समजूत आहे. उशीर केल्याने त्याहून कितीतरी जास्त नुकसान होतं. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, दोन मिनिटांत तो गरम होतो आणि पांघरुणासारखं काम करतो. ३९.५ ला आल्यावर पाणी थांबवा, नाहीतर तापमान खाली घसरत जातं. मग गाडीच्या काचा उघड्या ठेवून किंवा एसी लावून दवाखाना गाठा. कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला तरी जायचंच. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याचे बिघाड पुढच्या एक ते तीन दिवसांत दिसतात.

पुण्यात एप्रिल-मेपेक्षा जूनचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबर जास्त फसवतात. जूनमध्ये पारा उतरलेला असतो म्हणून लोक निर्धास्त होतात. पण हवा दमट असली की धापेतून पाण्याची वाफ होत नाही, आणि कुत्र्याकडे अंग थंड करायचं मुख्य साधन धाप हेच आहे. त्या दिवसांत कामाचा वेळ निम्मा करा. सिंहगड आतकरवाडीकडून चढवायचा असेल तर उजाडायच्या आत सुरुवात हवी. ती सहाशे मीटरच्या आसपासची सलग चढण आहे, आणि आठवडाभर फ्लॅटमध्ये बसलेल्या कुत्र्याला रविवारी एकदम तिथे नेणं हेच कित्येक "दर रविवारी होणाऱ्या" तक्रारींचं मूळ असतं. उन्हाची आणि श्रमाची सवय लागायला किमान दोन आठवडे लागतात, तेही रोज थोडं थोडं केलं तर.

काम संपल्यावर लगेच पिंजऱ्यात किंवा गाडीत घालू नका. दहा मिनिटं सावलीत सावकाश चालवा. उष्णता बाहेर पडते आणि दुसऱ्या दिवशीचा आखडलेपणाही कमी होतो.

पाणी

पोट फुगेल या भीतीने पाणी बंद करणारे लोक अजून भेटतात. ते करू नका. तापलेल्या कुत्र्याला पाणी हवंच, फक्त एका दमात बादलीभर नको, कारण धापा टाकत गटागटा पिताना पाण्याबरोबर हवाही आत जाते आणि मग सगळं उसळून येतं. २५ किलोच्या कुत्र्याला सुरुवातीला १०० ते १५० मिली द्या, चार-पाच मिनिटं थांबा, परत तेवढंच. धाप शांत झाली की भांडं मोकळं ठेवा. विश्रांतीच्या दिवशी त्याला दर किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. कामाच्या दिवशी त्याच्या दुप्पटही लागू शकतं.

माणसांचं ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी नेहमीसाठी नको. माणूस घामातून मीठ गमावतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, तोही नावापुरता. धापेतून मुख्यतः नुसतं पाणी जातं, म्हणून साधं पाणीच योग्य. कमी पिणाऱ्या कुत्र्यासाठी पाण्यात बिनमिठाचं चिकन उकडल्याचं दोन चमचे पाणी घाला, हमखास पितो. त्यात कांदा-लसूण पडलेला नसावा. दोन्ही रक्तातल्या लाल पेशी फोडतात. घरातला उरलेला रस्सा भाकरीवर ओतून रोज घालणाऱ्यांच्या कुत्र्याला दम लागण्याचं हेही एक कारण असतं.

लगेच काय द्यायचं, जेवण कधी

कुत्र्याचं शरीर लांब पल्ल्याच्या कामात चरबीवर चालतं. पण झेप, पकड, चढण, पाठलाग यांत स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, खर्च होतं. ते परत भरण्याची उत्तम वेळ म्हणजे कामानंतरचा पहिला अर्धा तास. बर्फावर स्लेज गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांवरच्या अभ्यासात दर किलोमागे दीड ग्रॅम ग्लुकोज पॉलिमर लगेच दिल्यावर ग्लायकोजेन लवकर भरून आलेलं दिसलं. व्यवहारात १ ते १.५ ग्रॅम धरा. २५ किलोच्या कुत्र्याला २५ ते ३५ ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (हेच ते ग्लुकोज पॉलिमर), पाव लिटर पाण्यात. जिमचं सामान विकणाऱ्या दुकानात ते बिनस्वादाचं मिळतं, तेच घ्या. स्वादाच्या पाकिटात झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य असू शकतं, आणि ते कुत्र्याला विष आहे. माल्टोडेक्स्ट्रिन नसेल तर वाटीभर गुरगुट्या भात पातळ करून चालेल, परिणाम जरा सावकाश होतो. ग्लुकोज पावडर घट्ट कालवून दिली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि शी पातळ होते.

हे रोज करायचं नाही. तासाभराहून जास्त किंवा फार जोराचं काम झालं असेल आणि दुसऱ्या दिवशी परत काम असेल तेव्हाच. मधुमेही किंवा स्थूल कुत्र्याला अजिबात नको. आणि अंगाचा ताप उतरल्यावरच द्या, आधी नाही.

मुख्य जेवण काम संपल्यावर दीड ते दोन तासांनी, धाप पूर्ण थांबल्यावर आणि पाणी पिऊन झाल्यावर. कामाच्या आधी चार तास पोटभर जेवण नको.

रात्री अस्वस्थ, ओकायला जातो पण काही पडत नाही

ही ओळ वाचताना कुत्रा तसं करत असेल तर बाकीचं वाचू नका, निघा. जठर हवेने फुगून स्वतःभोवती पीळ खातं. जर्मन शेफर्ड, डोबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त होतं. ओकाऱ्या कोरड्या येतात, फार तर फेस पडतो. लाळ गळते, पोट ताणलेलं असतं, टिचकी मारली तर पोकळ वाजतं, कुत्रा एका जागी बसत नाही आणि वळून आपल्या पोटाकडे बघतो. खाण्याचा सोडा, ओवा, लिंबूपाणी यांत वेळ घालवू नका. शस्त्रक्रियेशिवाय पीळ सुटत नाही, आणि काही तासांत जीव जातो. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कोणता, हे आजच फोन करून विचारून ठेवा. रात्री उघडा असणं आणि रात्री शस्त्रक्रिया होणं यात फरक असतो.

टाळण्यासाठी दिवसाचं अन्न दोन-तीन वेळांत विभागा आणि भराभर खाणाऱ्याला पसरट ताटात द्या. ताटली उंच स्टँडवर ठेवल्याने हा धोका टळतो असं सांगतात. मोठ्या जातींच्या एका अभ्यासात उलट आढळलं आहे, त्यामुळे जमिनीवरच ठेवा.

पहाटे पिवळा फेस

हे त्यामानाने सोपं आहे. संध्याकाळी सातला जेवण, सकाळी सहाला काम, साडेआठला नाश्ता, म्हणजे साडेतेरा तास पोट रिकामं. पित्त जठरात चढतं आणि फेस पडतो. दिवसाच्या अन्नातला चौथा हिस्सा काढून रात्री साडेदहाला द्या. अन्न वाढवायचं नाही, फक्त वाटणी बदलायची. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, किंवा फेसाबरोबर वजनही घटत असेल, तर मात्र रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या.

दुसऱ्या दिवशी पातळ शी

श्रम आणि उत्तेजना यांनी मोठं आतडं चाळवतं. शी थोडी थोडी, वारंवार, वर शेंबूड, कधी शेवटी ताज्या रक्ताचा एखादा ठिपका. कुत्रा मात्र टवटवीत असतो. हे एक-दोन दिवसांत आपोआप निवळतं. दर वेळी होत असेल तर तीन गोष्टी तपासा. कामाच्या दिवशी "आज दमलाय" म्हणून दुप्पट अन्न घालता का? मटणाची चरबी किंवा तूप त्याच दिवशी घालता का? दूध देता का? तिन्ही बंद. चरबी एकदम वाढली तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते साध्या जुलाबाहून पुष्कळ गंभीर दुखणं आहे. दूध बहुतेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, त्याऐवजी दोन-तीन चमचे दही चालतं.

उपाय म्हणून इसबगोल द्या. २५ किलोला एक चहाचा चमचा, पाऊण वाटी पाण्यात फुगवून, जेवणात कालवून, कामाच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस. कोरडा इसबगोल नको. वाफवलेला लाल भोपळा दोन-तीन मोठे चमचे हा दुसरा चांगला पर्याय.

डांबरासारखी काळी, चिकट शी वेगळी. ते वरच्या भागातलं, बहुधा जठरातलं रक्त असतं. फार जोराच्या कामानंतर जठराला जखमा होतात हे शर्यतीच्या कुत्र्यांत तपासून दिसलं आहे. पण घरगुती कुत्र्यात याचं कारण बहुतेकदा माणसांची वेदनाशामकं असतात. लंगडतोय म्हणून दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची अर्धी गोळी जठराला भोक पाडू शकते, मूत्रपिंडं बंद पाडू शकते. पॅरासिटॅमॉलही स्वतःच्या मनाने नको. आखडलेल्या कुत्र्याला चालवणं, हलकं मालिश आणि विश्रांती द्या. लंगडणं २४ तासांत कमी झालं नाही तर दवाखाना. तत्पूर्वी बोटांच्या बेचक्या मात्र नीट बघा. पावसाळा संपल्यावर तळजाई, वेताळ टेकडीवर गवत वाळलं की कुसळं तिथून आत शिरतात आणि वरून फक्त एक ओलसर लाल फोड दिसते.

लघवी कोकसारखी तपकिरी झाली तर थांबायचं नाही. स्नायू फुटून त्यातलं रंगद्रव्य मूत्रपिंडातून जात असेल, किंवा गोचीड तापात लाल पेशी फुटत असतील. दोन्हींत त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

उलटी-जुलाब नाही, पण अंगी लागत नाही

इथे ताटलीतच हिशेब चुकलेला असतो. विश्रांतीची उष्मांकांची गरज काढायची रीत अशी: वजन किलोत घ्या, त्याचा ०.७५ वा घात काढा, ७० ने गुणा. २५ किलोला सुमारे ७८० किलोकॅलरी येतात. मध्यम कामाला याच्या दुप्पट, दिवसभर राबणाऱ्याला तिप्पट.

आता चार ज्वारीच्या भाकऱ्या आणि दूध धरा. साडेतीनशे ग्रॅम पिठातून साधारण १२०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे पोट भरल्यासारखं दिसतं. पण प्रथिनं जेमतेम ३५ ग्रॅम, दुधाची आणखी थोडी. एवढं काम करणाऱ्या कुत्र्याला १०० ग्रॅमच्या आसपास लागतात. उरलेली तूट स्नायूंतून भरून निघते. कमी प्रथिनांवर राबवलेल्या स्लेज कुत्र्यांत स्नायू-अस्थिबंधांच्या दुखापती वाढल्याचंही दिसलं आहे. शिवाय भिजलेल्या भाकरीचं आकारमान एवढं असतं की जड पोटाने पळणं आलंच.

त्याऐवजी २५ किलोच्या कामकरी कुत्र्याला, दिवसभरात मिळून: बिनहाडाचं चिकन कच्चं वजन ५०० ग्रॅम, कोरडा तांदूळ १०० ग्रॅम मऊ शिजवून, अंडी २ उकडून, काळीज ३० ग्रॅम, लाल भोपळा १०० ग्रॅम, तेल किंवा तूप दोन मोठे चमचे. हे १५०० किलोकॅलरीच्या आसपास जातं. तेल-तूप पहिल्या दिवशी अर्ध्या चमच्यापासून सुरू करून आठ-दहा दिवसांत इथवर आणा. चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं, म्हणून अंड्याची कवचं भाजून अगदी बारीक कुटलेली पूड सपाट एक चहाचा चमचा रोज घाला. जस्त, आयोडीन आणि ड, ई जीवनसत्त्वं तरीही कमी पडतात. त्याची पूड डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून टोकदार होतात.

तयार फूड देत असाल तर पाकिटावर प्रथिनं २८ टक्के आणि चरबी १८ टक्क्यांच्या आसपास असलेलं निवडा. साध्या अ‍ॅडल्ट फूडपेक्षा ते कमी वजनात भागतं आणि शी कमी होते. बदल सात ते दहा दिवसांत करा. दर रविवारी वजन घ्या आणि बरगड्यांवरून तळवा फिरवा. दाब न देता बरगड्या लागल्या पाहिजेत. कारवान, पश्मी अशा सडपातळ जातींच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ठीकच आहे. दोन आठवडे काम बंद असेल तर अन्न हळूहळू तिसऱ्या हिश्शाने कमी करा.

सगळं बरोबर असूनही लवकर दमतो

मग गोचीड ताप धरून चाला. पुण्याच्या परिसरात गोचिडीतून येणारे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन्ही जंतू बारमाही आहेत. कित्येकदा कुत्रा घरी ठणठणीत दिसतो आणि पळवल्यावरच उघडा पडतो: अर्ध्या वाटेत बसतो, नंतर जेवत नाही, रात्री अंग गरम. विश्रांतीत, सकाळी उठल्याबरोबर, सलग तीन दिवस तापमान घ्या. ३९.५ च्या वर जात असेल, हिरड्या फिकट असतील, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील किंवा नाकातून रक्त आलं असेल, तर प्लेटलेटसह रक्ततपासणी आणि स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करायला सांगा. स्मिअरमध्ये जंतू दिसला नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. शंका राहिली तर पीसीआर करून घ्या.

एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा खेळायला लागतो, लोक गोळ्या सोडतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी आजार परत येतो. "परत परत होतंय" म्हणतात त्यातला मोठा वाटा या अर्धवट सोडलेल्या कोर्सचा आहे. गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, म्हणून ती जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा. बॅबेसियाला औषध वेगळं, ते डॉक्टर ठरवतील. गोचीडनाशक गोळी किंवा थेंब कोर्सच्या काळातही चालू ठेवा. कोर्स संपल्यावर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट परत तपासून जागेवर आल्याची खात्री होईपर्यंत पट्ट्यावर चालवणं एवढंच काम.